झेपेल असा रस्ता

माझा दादा दात करायचा. दुसऱ्यांचे. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडात लगदा घालून ठसा घेतात. तो ठसा दादाकडे यायचा आणि आठवड्याभरात त्यावरून अख्खी कवळी तयार होऊन परत जायची. ज्याच्या तोंडात ती बसायची त्याला दादा कोण हे माहीत नसायचं, दादाला मात्र त्याचं तोंड पाठ असायचं. भाजी घेताना समोरचा हसला की दादा माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "वरचे माझे. खालचे देवाचे." त्याला वाटायचं आपण हळू बोलतोय.

त्याचा कारखाना म्हणजे घरामागचं गॅरेज. गाडी त्याने कधी घेतलीच नाही, त्यामुळे गॅरेज मोकळंच होतं. एक खिडकी, एक लांब टेबल, मेण वितळवायचा छोटा दिवा, फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे आणि घासायचं यंत्र. हे यंत्र दिवसभर कुरकुरायचं. त्यातून उडणारी पांढरी धूळ खिडकीच्या काचेवर, रेडिओवर, दादाच्या भुवयांवर बसायची. वहिनी मागच्या दारातून ओरडायची, "अहो, जेवायला या, पण आधी ते पीठ झटका." तोंडावर बांधायचा मास्क त्याच्याकडे होता, पण तो असायचा हनुवटीखाली. मास्क वर घेतला की चष्म्यावर वाफ धरते आणि दाताची कड दिसत नाही, हे त्याचं कारण. कड दिसावी म्हणून तो सारखी फुंकर मारायचा. फुंकर मारायच्या आधी माणूस श्वास आत घेतो, एवढं साधं डोक्यात यायला आम्हाला इतकी वर्षं लागली.

मी त्याची धाकटी बहीण. तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांचे कपडे सैल-घट्ट करते. दादाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एकटी राहते. माझं लग्न टिकलं नाही, ती गोष्ट इथे नको.

सायकल दादाच्या आयुष्यात उशिरा आली. शेजारचं कुटुंब घर सोडून गेलं आणि जाताना अंगणात एक जुनी सायकल टाकून गेलं. दादाने ती उचलून आणली, दोन दिवस खोलून बसला आणि चालती केली. मग त्याला कळलं की आपण इतकी वर्षं राहतोय ती वस्ती पाण्याच्या टाकीमागे संपते आणि तिथून राखीव रान सुरू होतं. एवढं मोठं रान पाठीला लावून माणूस दात घासत बसला होता. पहिल्या रविवारी एकटा आत गेला, दुसऱ्या रविवारी मला ओढून नेलं. मग वाटेत पोस्टमन भेटला. आठवडाभर लोकांच्या दारोदार सायकल हाकूनही त्याचं पोट भरत नसावं, तो रविवारीही यायला लागला. त्याच्यामागून बँकेत काउंटरवर बसणारी बाई आली, तिला आम्ही बँकवाली म्हणायचो. शेवटी शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर आले. अशी आमची टोळी झाली.

पुढे राहून सायकल दामटण्यात दादाला गोडी नव्हती. त्याचा जीव आखणीत. आठवड्यात मधेच कधीतरी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर रानाचा नकाशा पसरायचा आणि चार कोपऱ्यांवर वजन म्हणून प्लास्टरचे चार जबडे ठेवायचा. वहिनी भाजी निवडायला जागा शोधत घरभर फिरायची. कुठल्या वाटेला सावली आहे, कुठल्या फाटकातून हँडल जातं, कुठे बाक आहे, पाणथळीवर टाकलेल्या फळ्या कधी निसरड्या होतात, सगळं त्याला बघायचं असायचं. आणि तेवढ्यावर त्याचा विश्वास नसायचा. शनिवारी दुपारी तो स्वतः तो सगळा रस्ता एकटा फिरून यायचा. "चढ नकाशात दिसतो गं, पण कळतो छातीला," असं म्हणायचा.

रस्त्याचे त्याने तीन प्रकार केले होते. सोपा, मध्यम आणि कठीण. टोळीला तो फक्त मध्यम रस्त्याने न्यायचा. त्याचं म्हणणं, सोप्या रस्त्याने माणूस कंटाळतो, कठीण रस्त्याने भांडतो, आणि मध्यम रस्त्याने गेला तर सोमवारी कामावर जाऊन बढाई मारतो. आता मध्यम कुठला हे ठरवायचं कसं? त्याची युक्ती अशी की रस्त्यातल्या सगळ्यात लांब चढावर पायडल मारता मारता सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. शाळेत याच पाढ्यावर त्याने छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे तो झोपेतही चुकला नसता. न थांबता पाढा पुरा झाला तर रस्ता मध्यम. मधे दम घ्यावा लागला तर कठीण, तो बाद. पाढा संपवून अठराचा सुरू करण्याइतका दम उरला तर सोपा, तो पाहुण्यांसाठी. रानात कुत्रं फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचा समज झाला होता की हा कसला तरी जप करतो. त्या बिचाऱ्या वाट सोडून बाजूला उभ्या राहायच्या.

शनिवारी संध्याकाळी त्याचा निरोप यायचा, "उद्या. मध्यम. पाणी घेऊन या." आम्ही निमूट जायचो. दादाने मध्यम म्हटलं की मध्यम, त्यावर वाद नसायचा.

रानात मोठ्या तळ्यापलीकडे एक चढ आहे. दोन्ही बाजूंनी दाट झाडी, मधून खडबडीत वाट, आणि संपला असं वाटावं तिथे वळण घेऊन पुन्हा वर जाणारा. पोस्टमनने त्याचं नाव सासू ठेवलं होतं. सुरुवातीची काही वर्षं आम्ही महिन्यातून एकदा तरी सासूकडे जायचो. तोंडाला फेस यायचा, पण चढायचो. वर पोचल्यावर मास्तर गवतावर आडवे व्हायचे आणि आता मला इथेच सोडून जा म्हणायचे.

मग हळूहळू सासू मागे पडली. एकदा म्हणे तिथे पक्षी अंडी घालतात म्हणून वाट बंद होती. एकदा चिखल होता. एकदा वनखात्याच्या लोकांनी झाडं तोडून आडवी टाकली होती. आम्हाला काय, दादा सांगेल तो रस्ता. नवे रस्ते छान होते. तळ्याच्या कडेकडेने, घरांच्या मागच्या कुंपणाला लागून, पाणथळीवरच्या फळ्यांवरून. आणि गंमत म्हणजे आम्हाला दमच लागेनासा झाला.

त्यावरून जी फुशारकी सुरू झाली ती ऐकवत नव्हती. पोस्टमन छाती ठोकून सांगायचा की नियमाने केलं की शरीर असं तयार होतं. बँकवालीने कचेरीत चार बायकांना उपदेश करून त्यांचं डोकं उठवलं. मास्तर म्हणाले, मी वीस वर्षांनी तरुण झालो. मीही काही कमी नव्हते, दुकानात जिना चढून आले की सगळ्यांकडे बघून घ्यायचे. खरं तर मला तरी कळायला हवं होतं, कारण पोस्टमनच्या पँटी माझ्याकडे येत होत्या. हा बाबा दणकट झालो म्हणायचा आणि दर सहा महिन्यांनी कंबर सैल करायला द्यायचा. मी उसवायचे, आत दुमडलेलं कापड मोकळं करायचे, पुन्हा शिवायचे आणि रविवारी त्याचं भाषण ऐकायचे. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण त्यांची गाठ काही पडली नाही.

एका रविवारी तर टोळीने दादाला बक्षीस दिलं. चकचकीत पितळी घंटी, सायकलला लावायची. बँकवालीने दोन शब्द बोलून दाखवले, की तुमच्या आखणीमुळे आम्ही माणसात आलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादाने घंटी लावून घेतली, दोनदा वाजवून दाखवली आणि लगेच पाणी प्यायला खाली बसला. त्या दिवशी तो बराच वेळ बसून राहिला होता.

पुढे एका शनिवारी दुकानाच्या छतातून पाणी गळायला लागलं म्हणून मालकाने आम्हाला लवकर सोडलं. मी तशीच सायकल घेऊन दादाबरोबर पाहणीला गेले. पाण्याच्या टाकीमागे एक चढ आहे. चढ कसला, लहान पोरं त्यावरून खेळण्यातल्या गाड्या लोटतात. दादाने तिथे पाढा सुरू केला. मला वाटलं थट्टा करतोय.

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक..."

पुढे आवाज आला नाही. तो उतरला आणि चेनवर वाकला. चेन ठीक होती, मला दिसत होतं. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या आणि ओठ जांभळट पडले होते. खांदे वर-खाली होत होते. मी काही विचारणार तर त्याने हात वर केला, थांब म्हणून. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो म्हणाला, "एक्कावन्न."

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"दादा, मी पोस्टमन नाही. मला शेंडी लावू नकोस."

तो वाटेकडेच्या दगडावर बसला. "झाली दोनेक वर्षं. आधी सासूवर अडायचं. मग तळ्याकडच्या चढावर. पण मी माप बदललं नाही हं, धाकटे. पाढा पुरा झाला तर मध्यम, नाहीतर बाद. पहिल्या दिवसापासून तेच ठेवलंय."

मला तेव्हा कुठे कळलं. दोन वर्षं आम्ही सगळे दादाचा दम मोजत होतो. तो कमी होत होता तसे रस्ते सपाट होत होते, आणि आम्ही येडे आपल्याच पाठी थोपटत होतो.

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? सगळे एवढे खूश होते. मास्तर तरुण झाले, त्यांना काय सांगू, परत म्हातारे व्हा?" त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "आणि खरं सांगू का, ते तसं बोलायचे ना, तेव्हा मलाही बरं वाटायचं. आपण सगळेच ठीक चाललोय असं वाटायचं."

मला त्याची कीव आली नाही. राग आला. असा राग आला की त्याला तिथेच रानात सोडून घरी जावंसं वाटलं. डॉक्टरकडे गेला होतास का विचारलं तर म्हणाला, गल्लीतल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलंय, गोड आहे. मी म्हटलं, सोमवारी छातीच्या डॉक्टरकडे जायचं. तो म्हणाला, पुढच्या रविवारी सासू ठरलीय. पोस्टमनने हट्टच धरला होता. आता आपण एवढे तयार झालो आहोत तर जुना हिशेब चुकता करू, म्हणून त्याने सगळ्यांकडून हो घेतलं होतं आणि दादाने तोंडावर नाही म्हटलं नव्हतं.

"तेवढं होऊ दे," दादा म्हणाला. "त्यांना एकदा तिथे नेतो. मग सोमवारी तू म्हणशील तिथे येतो."

"मग त्यांना खरं सांगायचं. तू सांगायचं, मी नाही."

"सांगतो."

तो आठवडाभर त्या रस्त्याची आखणी करत बसला. मी रोज संध्याकाळी जायचे, नकाशा टेबलावर असायचाच. सासूच्या आधी कुठे थांबायचं, अंग गरम व्हायला किती सपाट हवं, कोणी मधेच उतरला तर परत यायला जवळची वाट कुठली. स्वतः तो तळ्यापुढच्या फाटकापर्यंतच जाणार होता. वहिनीला मी सगळं सांगितलं होतं. ती नेहमीसारखी भाजीसाठी जागा मागत नव्हती, परात मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची.

रविवारी फाटकापाशी सगळे उतरलो. दादाने फाटकाला टेकून आधी दम घेतला. मग म्हणाला, "ऐका. कालच्या निरोपात मी मध्यम म्हटलंय, पण ते जुन्या आठवणीवर. पाढा म्हणून बघितलेला नाही, मला आता म्हणता येत नाही. गेली दोन वर्षं माझा दम कमी होत चाललाय आणि मी रस्ते माझ्या दमाने ठरवत होतो. तुम्ही दणकट झालेले नाही आहात. रस्ते सोपे झालेत."

 मग पोस्टमन खो खो हसला आणि त्याने दादाच्या पाठीवर थाप मारली. "दादा, तुमचं आपलं काहीतरीच. आम्हाला घाबरवता होय?" बँकवाली म्हणाली, "उतरलेला चेहरा करून काय बोलतात बघा, कोणाला खरं वाटेल." मी तोंड उघडलं तर दादाने मला डोळ्यांनी दटावलं. मास्तर तेवढे हसले नव्हते. ते हँडल धरून उभे होते, कपाळाला आठ्या घालून, वर्गात फळ्यावर गणित अडलं की उभे राहत असतील तसे. पण टोळी निघाली तसे तेही निघाले.

आम्ही दोघं फाटकाच्या कट्ट्यावर बसलो. तिथून झाडांमधून चढाचा अर्धा भाग दिसतो. मला खोटं बोलायचं नाही, मी मजा बघायला बसले होते. दादा मात्र पुटपुटत होता. "गिअर उतरव. अरे आता उतरव. तिथे दगड आहे, डावीकडून घे." पहिल्या वळणाच्या आतच बँकवाली उतरली. मग मास्तर थांबले आणि सायकल आडवी टाकून कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. पोस्टमन सगळ्यात पुढे होता. तो उभा राहून पायडल मारत होता आणि सायकल जागच्या जागी डुलत होती. मग तोही उतरला, दोन पावलं चालला आणि झाडाला धरून ओकला.

"पाणी घेऊन जा त्याला," दादा म्हणाला. मी गेले नाही.

ते सगळे सायकली ढकलत खाली आले. पोस्टमनचं तोंड लालबुंद झालं होतं. तो जमिनीवर फतकल मारून बसला आणि धाप ओसरल्यावर त्याने दादाकडे बघितलं. त्याने तसं बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नेहमी तो माणसाकडे बघायच्या आधीच बोलायला लागतो.

"म्हणजे खरंच?" तो म्हणाला.

"खरंच."

बँकवालीने ओढणीने तोंड पुसलं आणि तशीच ओढणी डोळ्यांवर धरून ठेवली. "आम्ही तुम्हाला घंटी दिली हो, दादा."

"चांगली आहे घंटी," दादा म्हणाला. "लांबपर्यंत ऐकू जाते."

परत येताना सगळे दादाच्या मागे राहिले. त्याला मागे टाकायला कोणाचा पाय रेटेना, त्यामुळे ती वरात इतकी हळू चालली होती की दोन सायकली पडल्या.

सोमवारी दादा शब्दाला जागला. छातीच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला नीट. त्यांनी फोटो उजेडावर लावला. मला त्यातलं काही कळत नाही, पण पांढरं जिथे नको तिथे पांढरं होतं. त्या म्हणाल्या, कामाच्या धुळीने फुप्फुसांवर व्रण पडलेत, ती कडक झालीत. जेवढी गेली तेवढी परत येणार नाहीत. आहे तेवढी जपायची. मग त्यांनी विचारलं, "धुळीचं काम कधी बंद केलंत?"

दादाने चष्मा पुसायला काढला. वहिनीने सांगितलं, "आज सकाळी करून आलेत. एकांची कवळी द्यायची होती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वहिनीने विचारलं, "दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर?" हा प्रश्न विचारू नये असं मला वाटत होतं, पण तिचा नवरा होता, तिचा हक्क होता. डॉक्टर म्हणाल्या, "तेव्हाही बरे झाले नसते. पण धूळ तेव्हाच थांबवता आली असती." वहिनी त्यावर मान हलवत राहिली.

निघताना त्यांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं. "यापुढे त्यांना प्रत्येक गोष्टीला वेळ लागेल, त्यावरून चिडू नका. त्यांना काय होतं हे समजून घ्यायचं असेल तर शीतपेयाची बारीक नळी घ्या, नाक दाबा आणि फक्त त्या नळीतून श्वास घेत घरात फिरून बघा."

गॅरेजला वहिनीने कुलूप लावलं. पुढच्या काही महिन्यांत दादा आधी जिना विसरला, मग अंगण. पलंगाशेजारी हवा देणारं मशीन आलं. ते घरघरत असतं आणि त्यातून निघालेली लांब नळी दादाच्या नाकापर्यंत जाते. तो आता घरातच आखणी करायचा. "पलंग ते खिडकी, मध्यम," मला सांगायचा. "पलंग ते मोरी, कठीण. मधे खुर्ची टाकायला सांग वहिनीला." मी हसायचे. हसले नसते तर त्याला वाईट वाटलं असतं.

टोळीचं फिरणं बंदच पडलं. पोस्टमन रोज टपाल वाटून झालं की दादाकडे येऊन बसायचा, फारसं न बोलता. दादाला ते आवडत नसे. एक दिवस पोस्टमन गेल्यावर तो मला म्हणाला, "धाकटे, आता तू आख."

"मी काय आखणार?"

"एकच आख. मला झेपेल असा. पाठीवर घ्यायचा छोटा सिलिंडर मिळतो, मी डॉक्टरांना विचारलंय. सगळा सपाट रस्ता हवा. लांब नको. मला एकदा रानाच्या आत जायचंय, बस." एवढं बोलायला त्याला चार वेळा थांबावं लागलं.

मी नकाशा पसरला. कोपऱ्यांवर जबडे ठेवले. आयुष्यात मी कधी इतक्या बारकाईने काही बघितलं नसेल. पाण्याच्या टाकीकडून चढ होता, बाद. कुंपणाच्या बाजूने खडी होती, बाद. तळ्याची वाट सपाट होती, पण फाटकाला उंबरा होता आणि तिथे उतरून सायकल उचलावी लागली असती. राहिली पाणथळ. तिथे लाकडी फळ्यांची वाट अगदी या टेबलासारखी सपाट आहे. तिथपर्यंत न्यायला पोस्टमनने टपालाची गाडी मागून घेतली. बँकवाली आणि मास्तर दोन्ही बाजूंनी चालणार होते. दादाला कपडे सैल व्हायला लागले होते म्हणून मी त्याची पँट कंबरेत घेतली. दिवस ठरवायचा तेवढा बाकी होता.

मग शनिवारी पाहणीला निघाले आणि पाण्याच्या टाकीपाशी लक्षात आलं की या पाहणीला काही अर्थ नाही. मी माझ्या दमाने बघणार. माझ्या दमाला तो रस्ता सोपाच वाटणार. परत फिरले, दुकानातून शीतपेयाची नळी घेतली आणि कापड धरून ठेवायचा माझ्या कामातला चिमटा घेतला.

पाणथळीवर कोणी नव्हतं. चिमटा नाकाला लावला, नळी दातांत धरली, ओठ मिटले आणि फळ्यांवरून सायकल सोडली. सुरुवातीला वाटलं, जमतंय. अगदी हळू चालवत होते, कोणी पायी चालला असता तरी पुढे गेला असता. मग छाती भरेना. ओढत होते, ओढत होते, आणि येत होती ती चिमूटभर हवा. कानात ठोके पडायला लागले. फळ्या काळ्या दिसायला लागल्या. पहिलं वळण समोर होतं, मी ठरवलं होतं की तिथपर्यंत तरी जायचंच. नाही गेले. पाय टेकला, नळी थुंकली, चिमटा ओढून फेकला आणि तोंड उघडून श्वास घेतला. किती तरी वेळ नुसता श्वास घेत उभी राहिले. मला नळी फेकता आली.

घरी आले तेव्हा दादा उशांना टेकून बसला होता. वहिनी आत कणीक मळत होती.

"सापडला का?" त्याने विचारलं.

खोटं बोलायचं येताना वाटेत ठरवलं होतं. पण त्याच्यापुढे ते जमेना. इतकी वर्षं शनिवारी पाहणी करणाऱ्या माणसाला काय फसवणार? "नाही, दादा," मी म्हणाले.

"फळ्यांवरून बघितलंस?"

"हो."

"पहिल्या वळणापर्यंत तरी?"

"त्याच्या आधीच."

त्याने मान हलवली. कसं बघितलंस, कशावरून म्हणतेस, काही विचारलं नाही. नळी नाकाशी नीट केली, दोन-तीन श्वास जमवले. मग म्हणाला, "मग उद्या तुम्ही लोक जा. उगाच माझ्यापायी घरी बसू नका. सोपा रस्ता घे हं, त्यांना आता सवय नाही, दम लागेल."

मी हो म्हणाले. स्वयंपाकघरात आले आणि वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडले. तिचे हात कणकेने भरले होते, ते तिने तसेच माझ्या पाठीवर ठेवले. बाहेर मशीन चालू होतं, त्यामुळे दादाला ऐकू गेलं नसावं.